दिवाळीच्या चंदेरी रंगाखाली

शनिवार, ७ डिसेंबर. सकाळ. सुरतेतलं उधना, आमचं वर्कशॉप, मागची लिफ्ट.

हजर: मी, वैशाली, फिनिशिंगची इन्चार्ज. किरीटभाई, वर्कशॉपचे मालक आणि माझे बॉस. भटू, डेंटर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा. आणि आमच्या डोक्यावर, लिफ्टवर चढवलेली, एक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दोन सीट, कापडी छत, फिक्कट हिरवा रंग.

गैरहजर: रमणीकभाई, गाडीचे मालक. पलसाण्याहून निघालोय असं फोनवर म्हणाले होते. म्हणजे अजून घरी चहा पीत असणार.

भटूच्या हातात ग्राइंडर होता. त्याला तारेचा गोल ब्रश लावलेला. प्लग लागलेला, चष्मा चढवलेला, तोंडाला रुमाल बांधलेला. त्यानं बटण दाबायचं आणि गाडीच्या पोटावरचा सगळा रंग खरवडून काढायचा, एवढंच त्या दिवसाचं काम. सोमवारी गाडी पूर्ण खोलायची. मग तिचा सांगाडा सँडब्लास्टिंगला पाठवायचा. सँडब्लास्टिंग म्हणजे हवेच्या जोरावर वाळूचा मारा करून लोखंड उघडं करणं. पण गाडीच्या पोटाला होता डांबरी रंग. त्यावर वाळू रबरावर आपटल्यासारखी उडते. म्हणून आधी ग्राइंडर.

मी म्हटलं, "भटू, थांब. माझं मीटर मारून होऊ दे."

"ताई, जे काढी टाकनं शे ते मोजीसन काय करशी?" भटू अमळनेरकडचा. माझं माहेर पाचोऱ्याचं. त्यामुळे वर्कशॉपमध्ये सगळ्यांशी हिंदी-गुजराती आणि माझ्याशी अहिराणी, असा त्याचा हिशोब. काढूनच टाकायचं ते मोजायचं कशाला, हा त्याचा प्रश्न तसा बरोबर होता.

मोजणं ही माझी सवय होती. इथे यायच्या आधी मी हजीऱ्याच्या एका प्लांटमध्ये कोटिंग इन्स्पेक्टर होते. पाइपवरचा रंग किती जाड आहे, कुठे पातळ आहे, कुठे सुटलाय, हे बघायचं काम. तिथला नियम असा की काढण्याआधीही मोजायचं आणि लावल्यानंतरही मोजायचं. माझ्या यादीत पहिली ओळ कायम तीच असते.

मीटर हातात मावेल एवढं असतं. लोखंडावर टेकवलं की रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नेहमीच्या गाडीवर रंग शंभर-सव्वाशे मायक्रॉन निघतो. या गाडीच्या पोटावर मीटर हजाराच्या पुढे गेलं. दुसरीकडे टेकवलं, आणखी पुढे.

"किरीटभाई, हा रंग आहे की प्लास्टर?"

किरीटभाई हसले. "तमने खबर नथी? ही दिवाळीची गाडी आहे."

मग त्यांनी सांगितलं. रमणीकभाईंची पलसाण्याला डाइंग मिल, कापड रंगवायची. आपल्याकडच्या मिलमध्ये दिवाळीच्या सुट्टीआधी काय चालतं, ते सुरतेत कुणाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. लक्ष्मीपूजनाआधी लोखंड म्हणून जे काही आहे, त्याला रंग लागतो. बॉयलरच्या पाइपला, मशीनच्या पायांना, जिन्याच्या कठड्यांना, पाण्याच्या टाकीला. चंदेरी रंग. डांबरात ॲल्युमिनियमची पूड कालवलेला. उष्णता सोसतो, गंज येऊ देत नाही, आणि दिव्यांच्या माळेखाली चमकतो. रमणीकभाईंची गाडी उभी असायची मिलच्याच शेडमध्ये. त्यामुळे पेंटर दरवर्षी बॉयलर उरकला की तोच डबा आणि तोच ब्रश घेऊन गाडीखाली शिरायचा. एक वर्ष चंदेरी, एखाद्या वर्षी चंदेरी संपला म्हणून काळा. वरच्या हिरव्या रंगाला मात्र रमणीकभाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. तो रंग बघूनच त्यांनी तरुणपणी मुंबईच्या एका माणसाकडून ही गाडी घेतली होती.

आता त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. फेब्रुवारीत जुन्या गाड्यांचा एक मोठा शो होता. त्यात स्वतः चालवत ही गाडी रॅम्पवर न्यायची, हा त्यांचा हट्ट.

शोमध्ये गाड्यांचे दोन वर्ग असतात. एक रिस्टोर्ड, म्हणजे पूर्ण खोलून, नवा रंग देऊन नव्यासारखी केलेली गाडी. दुसरा ओरिजिनल, म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच टिकलेली. ओरिजिनलमध्ये परीक्षक आधी गाडीखाली झोपतात. वरून कुणीही गाडी सजवतो, खालून ती खरं बोलते. एक्सलचा रंग, बोल्टवरचा मुलामा, ब्रेकचे पाइप धरणाऱ्या क्लिपा, पत्र्यांच्या सांध्यात भरलेलं सीलर, सगळं बघतात. दिवाळीच्या रंगात बुडालेली ही गाडी त्या वर्गात बसणार नाही, हे किरीटभाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. म्हणून रिस्टोर्ड. रिस्टोर्ड म्हणजे वरचा हिरवा रंगही जाणार. रमणीकभाई त्याला तयार झाले होते. पण होकार देताना ते गाडीकडे न बघता पंख्याकडे बघत होते, ते मी पाहिलं होतं.

तर मीटर हजाराच्या पुढे. मी एक्सलजवळचा एक छोटा ब्रॅकेट सोडवला. ब्रॅकेट रंगाच्या वर बसवलेला नव्हता, रंगच त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता. ब्रॅकेट निघाला तशी त्या कडेला थरांची उतरंड दिसली. बटाट्याच्या कापासारखी सरळ नव्हे, बाकरवडीच्या आतल्या वळ्यांसारखी. चंदेरी, काळा, चंदेरी, चंदेरी, परत काळा. आणि सगळ्यांत खाली, नखाएवढ्या पट्टीत, हिरवा.

मी टॉर्च जवळ नेला.

"भटू, ग्राइंडरचा प्लग काढ."

"काय झायं?"

"आधी प्लग काढ!"

त्यानं काढला. खाली वाकून बघितलं. "ताई, हाऊ हिरवा कथाईन उना?"

कुठून आला म्हणजे? कारखान्यातून आला! त्या काळी त्या कारखान्यात गाडीचा सांगाडा वरून रंगवायचे तोच रंग खालूनही फवारायचे. खाली वेगळा काळा रंग नसायचा. दिवाळीच्या पेंटरनं काही खरवडलं नव्हतं. तो फक्त वर थापत गेला. म्हणजे मूळ रंग गेला नव्हता. झाकला गेला होता.

पण झाकला गेला म्हणजे सुटा करता येईल असं नाही. मी कापसाचा बोळा मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि त्या कडेवर धरून ठेवला. शंभरपर्यंत मोजलं. बोळा तपकिरी झाला, मग काळा. डांबर विरघळत होतं. दुसरा बोळा घेतला, तिसरा घेतला. मग हिरवा उघडा पडला आणि चौथा बोळा जवळजवळ स्वच्छ निघाला. कारखान्याचा रंग भट्टीत भाजलेला असतो. टर्पेंटाइनला तो दाद देत नाही. डांबराला मात्र टर्पेंटाइन दिसलं की पळ सुटतो.

मी चौथा बोळा भटूच्या नाकासमोर धरला.

किरीटभाईंना हाक मारली. ते आले, बघितलं, आणि म्हणाले, "बेन, सोमवारचं बुकिंग आहे. सचिन गावातल्या सँडब्लास्टिंगच्या यार्डवाल्यानं स्लॉट दिलाय."

"रद्द करा."

"आणि पूर्ण पोटाखाली असाच निघाला नाही तर? अर्धा हिरवा, अर्धा गंज? मग ना इकडची ना तिकडची. शोला दोन महिने उरलेत."

"ग्राइंडर एकदा फिरला तर मग विचारायलाच नको. आज फक्त तपासू. दहा जागा मी ठरवते. दहाही जागी बोळा लावते. तीन जागी जरी उघडं लोखंड निघालं, तर सोमवारी यार्डात."

किरीटभाईंनी घड्याळ बघितलं, गाडी बघितली, मला बघितलं. "सांजपर्यंत."

संध्याकाळपर्यंत दहा जागा झाल्या. नऊ ठिकाणी हिरवा. एका ठिकाणी लाल ऑक्साइड, म्हणजे हिरव्याखालचा प्रायमर. तिथे दगड लागून हिरवा उडाला असणार. उघडं लोखंड कुठेच नाही. इंजिनाखालच्या भागात तर वर्षानुवर्षं गळलेल्या तेलानं रंग इतका ताजा ठेवला होता की भटू म्हणाला, या गाडीचं इंजिन गळकं नसतं तर आपण मेलो असतो. गळणाऱ्या इंजिनाची स्तुती मी पहिल्यांदाच ऐकली.

रमणीकभाई दुपारी आले होते. पांढरा सफारी, हातात काठी, पण काठी टेकत नाहीत, तिनं दाखवतात. मी त्यांना लिफ्टखाली नेलं आणि बशीएवढा हिरवा तुकडा दाखवला. मला वाटलं, नाचतील.

त्यांनी काठीचं टोक त्या तुकड्याकडे नेलं. "आ तो गंदु छे."

"गंदु?"

"बघा ना! रंग ओघळलाय. हा सांधा बघा, लुगदी फासल्यासारखा. ब्रशचे केस पण चिकटलेत. माझ्या पेंटरनं असं केलं असतं तर मी त्याला घरी पाठवला असता. इतकी वर्षं मी हिला खालून आरशासारखी ठेवली, बेन. आणि तुम्ही हे दाखवणार? लोकांना?"

त्यांचा चेहरा खरंच पडला होता. मी समजावायला लागले की कारखान्यात खालच्या बाजूला कुणी नजाकतीनं काम करत नसे, घाईत फवारा मारायचे, सीलर ब्रशनं फासायचे, ते ओघळ हीच खूण आहे. ते ऐकत होते, पण ऐकून घेत नव्हते. किरीटभाई मागून मला डोळ्यांनी सांगत होते, राहू द्या.

मग मी विचारलं, "काका, मिलमध्ये ग्रे ताका येतो," म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड, "तो कुणाचा आहे हे तुम्ही कशावरून ओळखता?"

"किनार बघून. किनारीवर विणणाऱ्याचं नाव असतं."

"किनार सरळ असते? सुंदर असते?"

"कशाची सुंदर! धागे लोंबत असतात."

"मग तुमच्या माणसानं ताका छान दिसावा म्हणून किनार कापून टाकली तर?"

"गांडो छे के? वेडा आहे का तो? किनार गेली तर माल कुणाचा हे कोण सांग..." ते थांबले. काठी खाली टेकवली. पुन्हा त्या ओघळाकडे बघितलं. मग किरीटभाईंकडे वळून म्हणाले, "वरचा रंग पण राहील?"

"काका, हे जमलं तर वरच्या रंगाला कुणी बोटसुद्धा लावणार नाही."

"तो जमावो ने!" जमवा की मग!

यार्डाचं बुकिंग रद्द झालं. ओरिजिनल वर्गाचा फॉर्म गेला. आयोजकांनी कळवलं की जानेवारीच्या शेवटी त्यांचा परीक्षक वर्कशॉपमध्ये येऊन गाडी बघेल आणि तिथेच हो की नाही सांगेल. नाही आलं, तर रिस्टोर्डसाठी वेळ उरणार नव्हता. म्हणजे शोच नाही. हे मी रमणीकभाईंना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "मला आकडेवारी सांगू नका. कामाला लागा."

लागलो. पद्धत साधी होती. कापड टर्पेंटाइनमध्ये भिजवायचं, पोटाला लावायचं, वरून प्लास्टिक चिकटवायचं म्हणजे ते उडून जात नाही. मऊ झालेला थर लाकडी पट्टीनं उचलायचा. लोखंडी पत्री वापरायची नाही. मग स्वच्छ कापडानं पुसायचं. दारं-खिडक्या उघड्या, पंखे चालू, बिडी-काडी दूर.

पण कापड कोणतं? भटू उधन्यातून चिंधीचं एक पोतं घेऊन आला. सुरतेत चिंधी कुठेही मिळते. लावली तर टर्पेंटाइन पिईना, डांबर पुसण्याऐवजी पसरवी. सगळी पॉलिस्टर! सिंथेटिकचं गाव आहे आमचं. पुसायला सुती कापड हवं आणि पूर्ण बाजारात जे मिळे त्यात अर्धा धागा नायलॉन. चार दुकानं फिरलो. एक दुकानदार म्हणाला, "बेन, कॉटन पाहिजे तर अहमदाबाद जा."

शेवटी भटूनं त्याच्या आईला गावी फोन केला. पुढच्या रविवारी गावाहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी दोन गाठोडी आली. जुनी सुती लुगडी, धोतरं, धुऊन धुऊन रेशमासारखी मऊ झालेली. भटू गाठोडं सोडत म्हणाला, "मजा शे ना ताई. कापड बनवाले आम्ही खान्देशमाइन सुरतले उनूत, आन् आते पुसाले कापड खान्देशमाइनच मांगाडी ऱ्हायनूत."

त्या लुगड्यांनी काम केलं. डांबर असं प्यायली की बघत राहावं. रोज एक हातभर भाग. रोज नवी मौज. मी पोटाचे चौकोन पाडले होते, प्रत्येक चौकोनाचा फोटो आधी आणि नंतर. सकाळी येऊन पहिल्यांदा कोण प्लास्टिक उचलणार यावर आमची भांडणं व्हायची. एका चौकोनात पेन्सिलनं लिहिलेला आकडा निघाला, कुणा कामगारानं रंगाआधी लिहिलेला, रंगातून पुसट दिसणारा. किरीटभाई ऑफिसमधला कस्टमर सोडून धावत आले. एका बोल्टवर पिवळसर मुलामा निघाला. तो मुलामा आता नव्या बोल्टवर मिळत नाही, तसे बोल्ट जुन्या गाड्यांचे लोक जपून ठेवतात. आमच्याकडे नवे चकचकीत बोल्ट मागवून झाले होते. ते परत पाठवले.

आणि मग डाव्या बाजूला, मागच्या एक्सलच्या नटावर, पिवळा टिपका निघाला.

हा टिपका म्हणजे काय, ते सांगते. कारखान्यात नट कसून बसवला की तपासणारा माणूस त्यावर रंगाचं बोट लावायचा. म्हणजे हा झाला, पुढचा. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी लावलेलं ते बोट डांबराखाली जसंच्या तसं होतं. थोडं वाकडं, एका बाजूला ओघळलेलं. लिफ्ट निम्मी खाली घेऊन मी गाडीखाली झोपले होते, वर बघत होते आणि ओरडले. भटूला वाटलं डोळ्यात टर्पेंटाइन गेलं.

पण रात्री जेवताना माझ्या डोक्यात दुसरंच आलं. पिवळा टिपका तर कुणीही मारू शकतो. शोच्या जगात हे चालतं. नवी केलेली गाडी ओरिजिनल म्हणून खपवायला लोक असे टिपके स्वतः मारतात, वर धूळ फुंकतात. परीक्षकाला पहिला संशय टिपक्याचाच येणार. इतकं स्वच्छ निघालं आहे, यावर तो विश्वास का ठेवेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किरीटभाईंना म्हटलं, "उजवी बाजू साफ करायची नाही."

"म्हणजे?"

"मागच्या एक्सलचा उजवा भाग आणि त्याच्या वरचा पत्रा. तसाच चंदेरी ठेवायचा. परीक्षक स्वतः उघडेल."

हजीऱ्याला आम्ही असंच करायचो. दुरुस्तीत एक तुकडा हात न लावता सोडायचा. बाहेरचा इन्स्पेक्टर आला की त्यानंच तो उघडायचा. त्याला विटनेस म्हणायचे, साक्षीदार.

किरीटभाई खुर्चीत बसले. "आणि साक्षीदारानं उलटी साक्ष दिली तर? उजवीकडे खाली काय आहे तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"टेस्ट केलीत?"

"त्या दहा जागांत ती नव्हती. आता केली तर साक्ष कसली?"

"बेन, टिपका नाही निघाला तर तो म्हणेल डावा तुम्हीच मारला."

"म्हणेल."

त्यांनी रमणीकभाईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मी सगळं सांगितलं. मग रमणीकभाई म्हणाले, "माझा पेंटर उजवीकडे पण तसाच थापायचा. खाली जे होतं ते असणारच. वैशालीबेन कहे तेम करो."

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षक आले. कर्णिक, पुण्याचे. बारीक अंगाचे, स्वतःची टॉर्च, स्वतःचं गुडघ्याखाली घालायचं फोम, स्वतःचे हातमोजे. चहा नको म्हणाले. वरून गाडीभोवती एक फेरी मारली, हिरव्या रंगाला हात न लावता नाक जवळ नेलं. मग म्हणाले, "लिफ्ट."

गाडी छातीएवढी वर गेली. ते खाली शिरले. आम्ही चौघं बाजूला ओळीत उभे, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे. रमणीकभाईंनी त्या दिवशी काठी आणली नव्हती.

कर्णिकांचा टॉर्च फिरत होता. सांधे बघितले. पेन्सिलच्या आकड्याशी थांबले. फोटो काढला. बोल्ट बघितले. मग डाव्या एक्सलपाशी आले.

"हा पिवळा कुणी लावला?"

"कारखान्यानं," मी म्हटलं.

"असं सगळेच म्हणतात." आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. "गेल्या वर्षी एकानं नऊ टिपके दाखवले. सात ओले होते."

"उजवी बाजू बघा, सर. ती आम्ही उघडलेली नाही."

त्यांनी टॉर्च उजवीकडे नेला. चंदेरी प्लास्टर. नखानं दाबून बघितलं. कडेला थर दिसत होते, त्यांवरून बोट फिरवलं. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "हे काय आहे?"

"दिवाळी," रमणीकभाई म्हणाले.

मी थोडक्यात सांगितलं. बाटली आणि लुगड्याचे चौकोनी तुकडे पुढे केले. "तुम्ही उघडा."

"तुम्हाला खात्री आहे?"

"नाही."

ते एकदम हसले. मोजे काढले, पुन्हा चढवले, तुकडा भिजवला आणि एक्सलवर धरला. आम्ही वाट बघितली. त्यांनी पुसलं. चंदेरी गेला. काळा. पुन्हा भिजवलं. पुन्हा चंदेरी. किरीटभाई माझ्या बाजूला पुटपुटत होते, बहुतेक देवाचं नाव, बहुतेक माझं. मग एक्सलचा खरा काळा दिसायला लागला, कारखान्याचा, मंद. सांगाडा हिरवा असला तरी एक्सल वेगळा, काळा रंगवून बसवायचे. नटाची एक बाजू उघडी झाली. काही नाही. दुसरी बाजू. काही नाही.

भटू हळूच म्हणाला, "ताई, नही शे."

कर्णिकांनी तुकडा फेकला, नवा घेतला. नटाच्या वरच्या बाजूला, जिथे आमची नजर खालून पोचत नव्हती, तिथे हात घातला. घासलं नाही, नुसतं दाबून धरलं. हात बाहेर काढला. टॉर्च आत घातला. डोकं वाकडं केलं.

"रमणीकभाई," ते म्हणाले, "जरा इकडे या."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे रमणीकभाई कंबरेत वाकून लिफ्टखाली शिरले. कर्णिकांनी टॉर्च धरला. वर, नटाच्या माथ्यावर, पिवळं बोट होतं. डावीकडच्यापेक्षा मोठं. घाईत लावलेलं, अर्धं नटावर, अर्धं एक्सलवर.

"आव्यो! आव्यो!" रमणीकभाईंनी टाळ्या वाजवल्या आणि डोकं सायलेन्सरला आपटून घेतलं. त्यांना भान नव्हतं. भटूनं मला धक्का दिला, मी किरीटभाईंना दिला, किरीटभाईंनी कुणालाच दिला नाही, ते सरळ बाहेर जाऊन सगळ्या स्टाफला घेऊन आले.

कर्णिक बाहेर आले. मोजे काढले. "आता चहा चालेल," म्हणाले. चहा पिताना त्यांनी ठरवलं, की गाडी ओरिजिनल वर्गात. सायलेन्सर नंतरचा आहे, सुरतेत बनवलेला, तो तसा लिहायचा. लाल ऑक्साइड दिसतो तिथे रंग भरायचा नाही. उजवा एक्सल त्यांनी जिथपर्यंत पुसला तिथपर्यंत ठेवायचा, शोमध्ये इतर परीक्षकांना दाखवायला.

फेब्रुवारीत रमणीकभाई गाडी स्वतः चालवत रॅम्पवर गेले. वर्गात दुसरा नंबर आला. पहिला नंबर जिला मिळाला तिचा सायलेन्सरही मूळ होता. रमणीकभाईंना दुसऱ्या नंबराचं दुःख नव्हतं. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून खाली वाकायला लावत होते आणि सांगत होते, बघा ओघळ, बघा, कंपनीचे आहेत!

यातून मी एवढंच घेतलं, की खरवडण्याचं काम कितीही उशिरा करता येतं, लवकर केलं तर मागे घेता येत नाही. आणि सुरतेत सुती कापड आधीच मागवून ठेवावं.

आता राहिलेलं काम. गिअरबॉक्सच्या वरचा बोगदा, म्हणजे दोन सीटच्या मधला उंचवटा, त्याच्या आतल्या बाजूला अजून दिवाळीचा रंग आहे. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तिथे हात जात नाही. शोनंतर आठवडाभर गाडी द्या, असं मी रमणीकभाईंना सांगितलं होतं. ते दर सोमवारी म्हणतात, पुढच्या सोमवारी नक्की. आणि दर रविवारी भटूला ते डुमसच्या रस्त्यावर दिसतात, छत खाली, गाडी हिरवी, शेजारच्या सीटवर कुणीतरी नवीन माणूस. काल पुन्हा फोन केला. म्हणाले, "बेन, ती आत्ता फार छान चालतेय. हमणां नहीं. आत्ता नको."

माझ्या यादीत ती ओळ अजून उघडी आहे.